काठमांडू खोऱ्यातले नेवार संगीत : कधी, कुठे आणि कसे ऐकावे

नेवार समाजाचे पारंपरिक संगीत ऐकायचे असेल, तर कार्यक्रमाचे तिकीट शोधण्यापूर्वी घरातले पंचांग उघडावे. काठमांडू, पाटण म्हणजेच ललितपूर, आणि भक्तपूर ही तीन जुनी राजधानीची शहरे आणि त्यांच्या आसपासची ठिमी, कीर्तिपूर, खोकना, बुङमती यांसारखी गावे ही नेवारांची मूळ भूमी आहे. इथले बहुतेक संगीत मैफलीसाठी रचलेलेच नाही. ते ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या देवासमोर, ठरलेल्या टोलातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मंडळींनी वाजवायचे असते. ऐकायला कोणी थांबले आहे की नाही, यावर ते अवलंबून नसते. त्यामुळे ‘नेवार संगीत कुठे ऐकायला मिळेल’ असे हॉटेलात विचारले, की रात्रीच्या जेवणाबरोबर होणाऱ्या सांस्कृतिक कार्यक्रमाचा पत्ता मिळतो. त्याऐवजी ‘आज कोणत्या देवाचे काय आहे आणि वाजवण्याची पाळी कोणाची आहे’ असे विचारावे, म्हणजे उत्तरादाखल एखाद्या चौकाचे किंवा देवळाचे नाव कानी पडते आणि तिथून पुढची वाट सापडते.

तिथी पाहून बेत आखावा

मराठी रसिकाची इथे मोठीच सोय आहे. नेवारांचा नेपाळ संवत इसवी सन ८७९ पासून मोजला जातो आणि त्याचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. त्याचे महिने आपल्या पंचांगासारखेच अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे आहेत. उत्तर भारतातल्या पौर्णिमान्त पंचांगावरून हिशेब करणाऱ्याला जी खटपट करावी लागते, ती आपल्याला करावी लागत नाही. नेवारांचा ‘गुंला’ हा दहावा महिना म्हणजे सरळ आपला श्रावण. त्यानंतरचा ‘यंला’ म्हणजे भाद्रपद आणि ‘कौला’ म्हणजे आश्विन. मात्र नेपाळमधल्या सरकारी दिनदर्शिकेत आणि वर्तमानपत्रांत वद्य पक्ष पुढच्या महिन्यात मोजलेला दिसतो. तिथे गाईजात्रा भाद्र कृष्ण प्रतिपदेला लिहिलेली असली, तरी आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य प्रतिपदेला, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शोधायची, एवढे ध्यानात ठेवले की घोटाळा होत नाही.

वर्षातून एकदाच जाणे शक्य असेल, तर माझ्या मते श्रावणातच जावे. पाऊस असतो, रस्ते चिखलाचे असतात आणि डोंगर ढगाआड गेलेले असतात, हे खरे. परंतु संगीताच्या दृष्टीने याहून भरलेला महिना दुसरा नाही. गुंला हा नेवार बौद्धांचा पवित्र महिना असून तो संपेपर्यंत रोज पहाटे वेगवेगळ्या टोलांची पथके वाजतगाजत स्वयंभू स्तूपाकडे निघतात. त्याच महिन्यात वद्य प्रतिपदेला ‘सा पारु’ म्हणजे गाईजात्रा येते. भक्तपूरमध्ये त्या दिवसापासून गोकुळाष्टमीपर्यंत समोरासमोरच्या दोन रांगांत चालत आणि एकमेकांच्या काठ्यांवर काठ्या हाणत नाचायचा घिन्ताङघिसी हा नाच चालतो. पाटणमधली ‘मतया’ ही दिव्यांची फेरीही याच पंधरवड्यात निघते आणि तीत शिंगाचे वाद्य ऐकू येते.

श्रावण जमला नाही, तर आणखी काही दिवस हाताशी आहेत. काठमांडूची इंद्रजात्रा, नेवारांची ‘यँया’, हिचा मुख्य दिवस अनंत चतुर्दशीचा; म्हणजे आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघतात त्या दिवशी तिथे कुमारीचा, म्हणजे देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या मुलीचा, रथ ओढला जातो. आश्विनातली ‘मोहनी’ म्हणजे आपले नवरात्र आणि दसरा. त्या दिवसांत सगळीकडे मालश्रीची धून ऐकू येते, आणि ती कानावर पडली की दसरा आला असे नेपाळभरचे लोक, नेवार नसलेलेसुद्धा, मानतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला, आपल्या दत्तजयंतीला, ‘योमरी पुन्ही’ असते. भक्तपूरची बिस्का जात्रा मात्र चांद्र तिथीवर चालत नाही. ती सौर वर्षारंभाच्या आगेमागे, एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येते. अधिक मास आला की सारे पुढे सरकते आणि सूर्योदयाच्या फरकामुळे एखादी तिथी एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते, म्हणून विमानाचे आरक्षण करण्याआधी तिथल्या दिनदर्शिकेशी ताळा करून घ्यावा आणि दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवावा.

वाद्यावरून वाजवणारा ओळखावा

खोऱ्यात कान तयार करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ढोल ओळखायला शिकणे. नेवारांकडे चर्मवाद्यांचे इतके प्रकार आहेत, की कोणता ढोल वाजतो आहे एवढे कळले तरी कोणता समाज, कोणता प्रसंग आणि पुष्कळदा कोणता देव, याचा अंदाज बांधता येतो.

सुरुवात ‘धिमे’पासून करावी, कारण तो चुकवणे शक्यच नसते. हा ज्यापूंचा, म्हणजे नेवार शेतकऱ्यांचा ढोल. खोड लाकडाचे, दोन्ही तोंडे चामड्याने मढवलेली, आणि पट्ट्याने अंगावर अडकवून तो आडवा धरलेला असतो. मोठ्या धिमेला ‘मा धिमे’ म्हणतात आणि लहानाला ‘धाचा धिमे’. जवळ जाऊन वादकाचे हात पाहावेत. एका तोंडावर उघड्या हाताची थाप पडते आणि दुसऱ्यावर वेताची एक बारीक काडी, जिचे टोक वळवून गुंडाळलेले असते. या दोन आवाजांत फार फरक असतो. हाताचा आवाज भरदार आणि जमिनीतून आल्यासारखा, तर वेताचा कोरडा आणि टणटणीत. पहिली काही मिनिटे फक्त वेताच्या काडीकडे कान द्यावा, मग फक्त हाताकडे, आणि त्यानंतर दोन्ही एकत्र ऐकावे, म्हणजे आधी नुसता गदारोळ वाटणाऱ्या आवाजातून बोल वेगळे होऊ लागतात. सोबत ‘भुस्याः’ ही मोठी झांज आणि ‘छुस्याः’ ही तिच्याहून लहान झांज असते. या संचात सुरांचे वाद्य नसते, त्यामुळे चाल शोधण्याच्या भानगडीत पडू नये. झांज लयीचा सांगाडा धरून ठेवते आणि ढोल त्यावर पाठ केलेल्या रचना वाजवतात. चालताना वाजवायच्या रचना वेगळ्या आणि देवळापुढे थांबल्यावर वाजवायच्या वेगळ्या असतात, म्हणून पथकाबरोबर थोडे अंतर चालत जावे आणि देऊळ आले की वादनात काय बदलते ते टिपावे. काही पथकांपुढे एक माणूस ‘धुँन्या’ हा उंच, सजवलेला बांबू तोलत आणि उडवत चालतो. त्याच्या अगदी जवळ उभे राहू नये.

‘धाः’ हा ढोल गुंलाच्या पथकांत ऐकावा. तो वाजवणारी मंडळी बहुधा शाक्य, वज्राचार्य, तुलाधर, मानन्धर अशा बौद्ध परंपरेतल्या घरांतली असतात. हल्ली या पथकांत गाण्याची चाल वाजवायला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट असतात. ते ऐकून पहिल्यांदा निराशा होते, कारण आपण ‘जुने’ काही ऐकायला आलेलो असतो. पण वाद्य बाहेरून आलेले असले तरी चाली त्यांच्याच आहेत आणि त्या महिन्याला आणि ऋतूला धरून आहेत, तेव्हा कान बंद करून घेऊ नयेत. ‘नायखिं’ हा लहान ढोल नाय किंवा खड्गी समाजाचा असून अंत्ययात्रेत तो वाजतो. रस्त्यात तसा प्रसंग समोर आला, तर बाजूला उभे राहावे आणि मोबाइल खिशात ठेवावा.

‘म्वाहालि’ ही सनईच्या जातीची वाद्ये परंपरेने कपाली समाजाकडे आहेत. या समाजाला कुस्ले किंवा जोगी असेही म्हणतात आणि तो आपला संबंध नाथपंथाशी, गोरखनाथांशी सांगतो. मच्छिंद्रनाथ आणि गोरखनाथ ही नावे ज्या मराठी घरांत नवनाथांच्या पोथीमुळे रोजची आहेत, त्यांना पाटणच्या रातो मच्छिंद्रनाथाच्या रथयात्रेत ही सनई ऐकताना परकेपणा वाटणार नाही. मात्र एक गोष्ट समजून घेऊन ऐकावी. जातीने नेमून दिलेल्या वाद्याबरोबर जातीची अवहेलनाही शतकानुशतके चिकटलेली होती, आणि म्हणून नायखिं किंवा म्वाहालि वाजवायला या घरांतली काही तरुण मुले आज तयार नसतात. परंपरा लोप पावते म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्याने त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. याउलट धिमे, जो पूर्वी पुरुषच वाजवत, तो आता मुली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने वाजवतात, आणि त्यांची पथके ऐकण्याजोगी असतात.

दाफा ऐकायला बसावे

धिमे रस्त्याने चालत ऐकायचा, तर ‘दाफा’ हे गटाने गायचे भक्तिगायन संध्याकाळी एका जागी बसून. नेवार संगीताचे अंतरंग कळावे असे ज्याला वाटते, त्याने दोन रिकाम्या संध्याकाळी दाफासाठी राखून ठेवाव्यात. भक्तपूर त्यासाठी सर्वांत चांगले. देवळालगत किंवा चौकाच्या कडेला लाकडी खांबांची, तीन बाजूंनी उघडी ओसरी असते, तिला नेवार ‘फल्चा’ म्हणतात. दाफाचे गट अशा फल्च्यांत बसतात. टौमढी चौकातले भैरवनाथाचे मंदिर आणि दत्तात्रेयाचे मंदिर ही भक्तपूरमधली दाफाची जुनी ठिकाणे आहेत. गायक बहुतेक ज्यापू, म्हणजे दिवसभर शेतात किंवा इतर कामांत असलेले लोक. गटाला ‘खलः’ म्हणतात आणि त्याच्यामागे ‘गुथी’ असते, म्हणजे देवाच्या सेवेसाठी बांधलेली मंडळी आणि तिच्या नावे ठेवलेली जमीन.

गायक दोन गटांत समोरासमोर बसतात. मध्ये ‘खिं’ हा दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल आणि ‘ताः’ ही जाड धातूची लहान टाळजोडी. आपल्याकडच्या वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर उभे राहतात, त्याची आठवण होते आणि ती ऐकायला उपयोगी पडते, कारण इथेही एक गट ओळ गातो आणि दुसरा ती उचलतो. पुढचा क्रम लक्षात ठेवावा. सुरुवातीला गाणे नसतेच. आधी ‘द्यःल्हायेगु’ होते, म्हणजे ढोलावर देवाला केलेले आवाहन, आणि ते ज्याला उद्देशून असते तो देव म्हणजे नासःद्यः. त्यानंतर राग येतो. तो लयीत बांधलेला नसतो आणि थोडाच वेळ गातात. रागाचे नाव ओळखीचे असले, तरी त्याच नावाचा हिंदुस्थानी राग मनात धरून ऐकू नये. नावे जुळतात, स्वर जुळतीलच असे नाही, आणि ‘हा आपला राग चुकीचा गात आहेत’ असे वाटू लागले की ऐकणे तिथेच संपते. रागानंतर गीत सुरू होते. ते आधी संथ असते, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, ताल मधेच बदलू शकतो आणि लय हळूहळू वाढत जाते. या सगळ्यात धरून ठेवायचा धागा म्हणजे ‘ताः’. तिचा मोकळा घुमणारा आघात आणि दाबलेला आघात यांची आवर्तने मांडीवर मोजत बसले, की तासाभराने ताल बदलल्याचे आपोआप जाणवू लागते. शेवटी आरती.

शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही, कारण गीतांची भाषा नेवारी, संस्कृत, मैथिली अशी निरनिराळी असते आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्यामुळे गाणाऱ्यांनाही प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता येतोच असे नाही. गायकांपुढे अनेकदा हाताने लिहिलेली, घड्या घातलेली पोथी, ‘थ्यासफू’, असते. गीतांच्या शेवटी कवीचे नाव येते, ते मात्र कान देऊन ऐकावे, कारण ते खोऱ्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या मल्ल घराण्यातल्या एखाद्या राजाचे असू शकते. मल्ल राजे केवळ आश्रयदाते नव्हते, स्वतः गीते रचत. भक्तपूरचा शेवटचा मल्ल राजा रणजित मल्ल याची कितीतरी पदे आजही गातात. १७६९ मध्ये गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह याने भक्तपूर जिंकल्यावर रणजित मल्ल काशीला गेला, आणि त्याचे राज्य गेल्यानंतर अडीचशे वर्षे त्याचे शब्द त्याच शहरातले शेतकरी सांभाळून आहेत. ही गोष्ट माहीत असून ऐकणे आणि माहीत नसताना ऐकणे यांत पुष्कळ अंतर आहे, निदान मला तरी ते जाणवते.

एखाद्या गटाकडे दाफाबरोबर ‘नवबाजा’ही असतो, म्हणजे वेगवेगळे ढोल एकामागून एक वाजवण्याची जुनी पद्धत. अशा गटाला नवदाफा म्हणतात. त्यात पखवाजाच्या जातीचा ‘पछिमा’ असतो, आणि पखवाज ऐकून वाढलेल्या कानाला तो लगेच पटतो. खास प्रसंगी ‘पोंगा’ हे लांब, सरळ धातूचे कर्णे जोडीने वाजतात.

दाफा ऐकण्याचे काही शिष्टाचार आहेत. फल्च्यावर चढण्यापूर्वी पादत्राणे काढावीत आणि परवानगी विचारूनच वर बसावे. खाली पायरीवर बसले तर उत्तम. दोन रांगांच्या मधून जाऊ नये, वाद्य ओलांडू नये, गाणे संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत. पैसे द्यायचे असतील, तर गायकाच्या हातात न देता देवापुढे ठेवावेत. ध्वनिमुद्रणाची परवानगी पहिल्या संध्याकाळी मागू नये. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा येऊन बसलात, की बहुधा तीच मंडळी चौकशी करतात आणि मग विचारणे सोपे जाते. जेवणाच्या प्रसंगी पानावर ‘समयबजि’ आले, तर नाही म्हणू नये. त्यात पोहे, काळे सोयाबीन, आले अशा गोष्टींबरोबर मांस आणि मद्यही असते, म्हणून शाकाहारी असाल तर ते आधीच नम्रपणे सांगावे.

गटात कधी चारच वृद्ध माणसे दिसतील. त्याचे कारण नुसती तरुणांची अनास्था नाही. १९६४ च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर अनेक गुथींचे उत्पन्न आटले, आणि तेल, पूजा, जेवण, वाद्यांची दुरुस्ती यांचा खर्च सभासदांच्या खिशावर आला. गुथींबद्दल लोकांना किती आस्था आहे, हे २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी सरकारने आणलेल्या गुथी विधेयकाविरुद्ध काठमांडूत प्रचंड मोर्चा निघाला आणि विधेयक मागे घ्यावे लागले.

चर्या : मागू नये, मिळाल्यास ऐकावी

वज्राचार्य पुरोहितांची ‘चर्या’ किंवा ‘चचा’ गीते ही या परंपरेतली सर्वांत राखून ठेवलेली गोष्ट आहे. ती तांत्रिक बौद्ध विधीचा भाग असून परंपरेने दीक्षा घेतलेल्यांनीच गायची आणि ऐकायची. हरप्रसाद शास्त्री या बंगाली अभ्यासकांना १९०७ मध्ये चर्यापदांचे, म्हणजे याच प्रकारच्या जुन्या बौद्ध गीतांचे, ताडपत्री हस्तलिखित सापडले ते नेपाळमध्येच. गेल्या काही दशकांत चर्यानृत्य रंगमंचावरही सादर होऊ लागले आहे. पाहुण्याने तेवढ्यावर समाधान मानावे आणि विहारातल्या आतल्या पूजेत शिरण्याचा हट्ट धरू नये.

शिकायचे असेल तर

ऐकण्यापलीकडे जाऊन धिमे किंवा खिं शिकावा असे वाटले, तर आधी नासःद्यःची ओळख करून घ्यावी. हा नृत्य-संगीताचा देव; त्याला नाट्येश्वराच्या रूपातला शिव मानतात. त्याच्या स्थानांत पुष्कळदा मूर्तीऐवजी भिंतीत नुसती छिद्रे असतात. तो सरळ रेषेत संचार करतो अशी श्रद्धा आहे, म्हणून वाटेत येणाऱ्या भिंतीतही त्याच्यासाठी जागा मोकळी सोडतात. त्याच्या सोबत हायमाद्यःचेही नाव घेतात. वादनातल्या चुका या हायमाद्यःमुळे होतात असे मानले जाते. शिक्षण नासःद्यःच्या पूजेने सुरू होते, संध्याकाळी बंद दाराआड गटाने चालते, आणि अखेरीस मोठी पूजा करून नवे वादक पहिल्यांदा लोकांसमोर येतात. या पूजांत पशुबळीही असतो. ते मान्य नसेल, तर शिकायला बसण्याआधीच गुरूशी मोकळेपणाने बोलावे.

शिकवण्याची रीत आपल्या तबल्या-पखवाजाच्या घराण्यांना जवळची आहे. आधी बोल तोंडाने म्हणायचे, ते पक्के झाले की मगच हात. ज्याने लहानपणी बोल पाठ केले आहेत, त्याला इथे अर्धी वाट चालून आल्यासारखे वाटेल. फक्त आपले बोल त्यांच्या बोलांवर लादू नयेत. परक्यांना ही विद्या शिकता येते, याचे उदाहरण गर्ट-मातियास वेग्नर या जर्मन अभ्यासकाचे. त्यांनी भक्तपूरच्या गुरूंकडे तिथले ढोल शिकून त्यांवर सविस्तर लिहिले आणि काठमांडू विद्यापीठाचा संगीत विभाग उभा करण्यात पुढाकार घेतला. गंभीरपणे शिकू इच्छिणाऱ्याने अशा विभागाकडे किंवा थेट एखाद्या टोलातल्या गटाकडे जावे, आणि हाताशी किती महिने आहेत ते सुरुवातीलाच सांगावे, कारण एका आठवड्यात गुरू आपल्याला एक चाल दाखवील, पण गटात घेणार नाही.

धिमे विकत घेण्याची घाई करू नये. पर्यटकांच्या दुकानांत मिळणारे छोटे ढोल शोभेचे असतात. शिकायला लागल्यावर गुरूलाच बरोबर नेऊन चामडे, ताण आणि दोन्ही तोंडांचा आवाज तपासून घ्यावा, आणि वेताच्या दोन काड्या जास्तीच्या आणाव्यात, कारण त्या आपल्याकडे मिळत नाहीत आणि लवकर तुटतात.